तासीर आणि तापमान

मी शाळेत मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवतो. शब्दांच्या जोड्या लावणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. मराठीत ज्या बाईला मूल होत नाही तिच्यासाठी 'वांझ' हा शब्द आहे, 'वांझोटी' आहे. उर्दूत 'बांझ' आहे. आता याचे पुल्लिंगी रूप सांगा. मराठीत सांगता येणार नाही, उर्दूतही नाही. 'नपुंसक' किंवा 'नामर्द' हे शब्द काही जण पुढे करतील, पण त्यांचा अर्थ वेगळा. ज्याला शरीरसंबंध जमत नाही त्याच्यासाठी ते शब्द आहेत. ज्याचा संसार सर्व बाजूंनी ठीक चालला आहे, पण ज्याच्या वीर्यात शुक्राणू कमी आहेत किंवा नाहीतच, अशा पुरुषासाठी आपल्या बोलीभाषेत शब्दच नाही. अरबीत 'अकीम' हा शब्द आहे आणि तो पुरुष आणि स्त्री दोघांनाही लागतो. आपण मात्र तो उचलला नाही.

ज्या गोष्टीला शब्द नाही, तिची तपासणी कोण करणार? म्हणून आपल्याकडे लग्नाला दोन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की दवाखान्याची फाईल सुनेच्या नावाने निघते. सोनोग्राफी तिची, रक्त तिचे, नळ्यांची तपासणी तिची, दर्ग्यावर चादर चढवायला तीच जाणार, गंडा-ताईत तिच्याच गळ्यात. नवऱ्यासाठी फार झाले तर एक पुडी येते. अश्वगंधा, मुसळी, कवचबीज, गोखरू, आणि सोबत "दुधातून घे, गरम पदार्थ खाऊ नको" असा सल्ला. या पुडीबद्दल आणि त्या 'गरम' शब्दाबद्दल आज लिहायचे आहे.

आधी आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगात साधारण सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण असते, कधी एकटे, कधी बाईकडच्या कारणाच्या जोडीने. म्हणजे पहिल्या दिवसापासून दोघांची तपासणी व्हायला हवी, हे साधे गणित आहे. त्यातही पुरुषाची तपासणी जास्त सोपी आहे. सुई नाही, भूल नाही, काही शे रुपयांत वीर्यतपासणी होते.

आता उष्णतेकडे वळू. निसर्गाने हृदय बरगड्यांत ठेवले, मेंदू कवटीत ठेवला, आणि पुरुषाची बीजग्रंथी मात्र शरीराबाहेर लोंबती ठेवली. याला कारण आहे. शुक्राणू नीट तयार व्हायला शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा दोन ते चार अंशांनी थंड जागा लागते. त्यासाठी तिथे पूर्ण व्यवस्था आहे. थंडीत कातडी आक्रसून ग्रंथी वर ओढल्या जातात, उकाड्यात सैल पडून खाली येतात. आत जाणाऱ्या गरम रक्ताच्या धमनीभोवती परतणाऱ्या रक्ताच्या शिरांचे जाळे असते, ते रक्त आत जाण्यापूर्वीच थंड करते. ही व्यवस्था वारंवार हरली, की शुक्राणू कमी होतात, त्यांची चाल मंदावते आणि आतली गुणसूत्रेही तुटू शकतात.

एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. पुढे नळीत पक्व होऊन बाहेर पडेपर्यंत आणखी दोन आठवडे. म्हणजे मे महिन्यात भाजले गेलेले पीक ऑगस्टच्या तपासणीत दिसते. कडक ताप येऊन गेलेल्या माणसाचा अहवाल पुढचे दोन-तीन महिने खराब येऊ शकतो, तोही याच हिशेबाने. एका अहवालावर कुणाच्या कपाळावर शिक्का मारू नये, याचे कारणही हेच.

पिंपळगावच्या माणसाला हे समजावून सांगायला मला पुस्तक लागत नाही. टोमॅटो पुरतो. आपल्या बाजार समितीत टोमॅटोचा मुख्य हंगाम पावसाळ्यानंतरचा का? ऐन उन्हाळ्यात झाड हिरवेगार दिसते, फुलेही लागतात, पण दिवसाचा पारा पस्तीसच्या पुढे राहिला आणि रात्रही उबदार गेली, की फूल गळते. त्यात परागकण आधी मरतात. परागकण म्हणजे फुलाचा नर भाग. झाड जिवंत, फूल जिवंत, पण नर बीज निकामी. शेतकरी तेव्हा काय करतो? फवारणी करतो हे खरे, पण सावलीची जाळी लावतो, पाण्याच्या वेळा बदलतो, लागवडीची तारीख बदलतो. उन्हात उभ्या झाडाला नुसते टॉनिक पाजून भागत नाही, हे त्याला पक्के माहीत असते. हेच शहाणपण घरच्या मुलाच्या बाबतीत कुठे जाते?

कुणी म्हणेल, आमचे निफाड तर थंडीसाठी पेपरात येते. येते, डिसेंबर-जानेवारीत. पण द्राक्षबागेची खरड छाटणी एप्रिलमध्ये असते आणि ती सावलीत बसून होत नाही. मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रक हाकणारा माणूस इंजिनाच्या उबेत दहा-दहा तास बसतो. भट्टीपुढचा बेकरीवाला, वीटभट्टीवरचा मजूर, वेल्डिंग करणारा कारागीर, आणि मालेगावात पत्र्याखाली बारा तासांच्या पाळीत माग चालवणारा यंत्रमाग कामगार. आपल्याच जिल्ह्यातली ही माणसे, आणि त्यात आपल्या समाजाची मुले फार मोठ्या संख्येने. ज्यांना उष्णता सर्वात जास्त, त्यांच्याच हातात पुडी सर्वात आधी पडते, कारण डॉक्टरकडे जायला रोज बुडतो.

हा कल्पनेचा खेळ नाही. इटलीत सिरॅमिकच्या भट्ट्यांवर काम करणाऱ्यांचा आणि रोमच्या टॅक्सीचालकांचा अभ्यास नव्वदच्या दशकात झाला. डेन्मार्कमध्ये उष्णतेपुढे काम करणाऱ्या वेल्डरांचा झाला. तिन्हींत कमी-अधिक परिणाम दिसला. फ्रान्समध्ये २००० साली मोजून पाहिले, तेव्हा दोन तास गाडी चालवल्यावर त्या जागेचे तापमान सुमारे दोन अंशांनी वाढलेले आढळले. वेल्डरांच्या अभ्यासातली महत्त्वाची गोष्ट अशी, की कामातून काही आठवडे बाहेर पडल्यावर वीर्याची प्रत सुधारू लागली. औषधाने नव्हे, उष्णता दूर झाल्याने.

अर्थात उन्हाने सगळेच पुरुष वांझ होत असते तर मराठवाडा-विदर्भात गावे उरली नसती. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याचे थोडे कमी झाले तरी निभावते. प्रश्न काठावर पास होणाऱ्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये खालची संदर्भरेषा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू अशी दिली. जो या रेषेच्या आसपास आहे, त्यात ज्याच्या शिरा फुगलेल्या आहेत, जो तंबाखू-गुटखा खातो, ज्याला साखरेचा आजार आहे, त्याला उन्हाळा नापास करतो. त्या फुगलेल्या शिरांना डॉक्टर व्हेरिकोसील म्हणतात. मूल न होणाऱ्या पुरुषांत उपचार करता येण्याजोगे ते सर्वात मोठे कारण आहे, आणि त्यामागेही थंडाव्याची बिघडलेली व्यवस्थाच असते. कुठल्याही मुळीने फुगलेली शीर बसत नाही. पण हात लावून तपासल्याशिवाय ती सापडायची कशी?

आता पुडी. इथे मला 'सगळे झूट आहे' म्हणायचे नाही. तसे म्हणणे सोपे आहे आणि ते खरेही नाही. लखनौच्या वैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये ७५ पुरुषांना अश्वगंधाच्या मुळीची पाच ग्रॅम पूड दुधातून तीन महिने दिली आणि वीर्याची प्रत सुधारल्याचे नोंदवले. २०१३ मध्ये ४६ पुरुषांवरच्या दुसऱ्या प्रयोगात काहींना मुळीचा अर्क आणि काहींना खोटी गोळी देऊन तुलना केली, तिथेही फरक दिसला. कलौंजीच्या तेलाचा इराणमधला प्रयोग २०१४ चा. ६८ पुरुष, दोन महिने, रोज पाच मिलिलिटर, आणि फरक दिसला. कलौंजीचे नाव हदीसमध्ये आल्यामुळे आपल्याकडे तिच्याबद्दल विशेष ओढ आहे. ही ओढ मी समजू शकतो.

पण याच प्रयोगांकडे शिक्षकाच्या नजरेने पाहा. ४६ माणसे, ६८ माणसे, ७५ माणसे. म्हणजे एका वर्गाएवढी. लखनौच्या प्रयोगात खोटी गोळी घेणारा तुलनेचा गटच नव्हता. या प्रयोगांत मुख्यतः अहवालातले आकडे मोजले. किती घरांत मूल जन्मले, हा प्रश्न मागे राहिला. आणि हे फरक एकमेकांपासून फार लांब असू शकतात. अमेरिकेत जस्त आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्यांवर तब्बल २,३७० जोडप्यांचा प्रयोग झाला, त्याचा निकाल २०२० मध्ये आला. छोट्या प्रयोगांत चांगले दिसलेले ते औषध मोठ्या प्रयोगात वीर्याची प्रतही सुधारू शकले नाही आणि जन्माला येणारी मुलेही वाढवू शकले नाही. छोट्या प्रयोगाने आशा बाळगावी, बाजार मांडू नये.

आणि उष्णतेचे काय? उष्णतेच्या ताणात वनस्पती उपयोगी पडतात असे जे सांगितले जाते, ते बहुतेक उंदीर, ससे, मेंढे आणि कोंबड्यांवरच्या प्रयोगांवरून. उंदराचा मागचा भाग ४३ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटे बुडवायचा, मग मुळीचा अर्क द्यायचा, असा हा प्रयोग. उष्णतेने पेशींत जी जाळपोळ होते, ती काही वनस्पतींतली द्रव्ये थोडी रोखतात, हे त्यातून दिसते. पण प्रयोगशाळेतल्या उंदराला पाण्यातून बाहेर काढतात. आपला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भट्टीपुढे उभा राहतो.

इथेच 'गरम' या शब्दाचा गोंधळ आहे. युनानी आणि आयुर्वेद दोन्हींत पदार्थाला तासीर असते. आंबा गरम, सब्जा थंड. 'उष्णता झाली' म्हणून आपण धने-जिऱ्याचे पाणी पितो, गुलकंद खातो. त्याने तोंडाला, पोटाला बरे वाटत असेल तर खुशाल घ्यावे, पाणी तर भरपूर प्यावेच. पण तासीर आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सब्जाने ट्रकच्या सीटचे तापमान उतरत नाही. मोजता येणाऱ्या उष्णतेला न मोजता येणारी थंडाई दिली, आणि माणूस समाधानाने पुन्हा त्याच सीटवर जाऊन बसला, तर त्या पुडीने त्याचे नुकसानच केले. तिने त्याचा वेळ खाल्ला. बायकोचे वय तिशी ओलांडून पस्तिशीकडे जात असताना हे चार-पाच वर्षांचे पुडीप्रकरण फार महाग पडते.

"जडीबुटीने अपाय तर होत नाही ना?" हा नेहमीचा प्रश्न. होतो. अश्वगंधा घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. कवचबीजात एल-डोपा हे पार्किन्सनच्या आजारात देतात ते द्रव्य असते. म्हणजे ती निव्वळ 'ताकदीची बी' नाही, ते औषध आहे. भस्म आणि कुश्त्यांची गोष्ट आणखी गंभीर. अमेरिकेतल्या बोस्टन भागात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यातल्या १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. शिसे तर शुक्राणूंचा जुना शत्रू. मूल व्हावे म्हणून घेतलेल्या औषधातच मूल न होण्याचे कारण! तंबूतल्या काही पुड्यांत इंग्रजी उत्तेजक गोळी कुटून घातलेली असते, म्हणून 'फरक' त्याच रात्री जाणवतो. त्याचा शुक्राणूंशी संबंध नाही, पण रक्तदाबाच्या रुग्णाच्या जिवाशी असू शकतो. जिममधली मुले टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने 'मर्दानगी' म्हणून घेतात, त्यांनी तर शुक्राणू तयार होणेच थांबू शकते. हे किती बापांना माहीत आहे?

आपल्या शेतीचाही इथे थोडा संबंध आहे. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यातल्या कामगारांना लक्षात आले, की आपल्यापैकी कुणालाच मूल होत नाही. कारण निघाले डीबीसीपी नावाचे सूत्रकृमीनाशक. पुढे त्यावर बंदी आली. ही गोष्ट उघड झाली ती कामगार एकमेकांशी बोलले म्हणून, आणि त्यांनी वीर्यतपासणी करून घेतली म्हणून. ब्लोअरने फवारणी करणाऱ्या आपल्या मुलांनी तोंडावर नुसता रुमाल बांधून भागत नाही, हे सांगायला वेगळ्या लेखाची गरज आहे, पण उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही.

काही वाचक म्हणतील, डॉक्टर तरी कुठे धुतल्या तांदळाचे आहेत? आयव्हीएफच्या नावाने लाखांची बिले होतात, शेत गहाण पडते. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच २०२१ मध्ये या केंद्रांसाठी कायदा करावा लागला. पण एका दुकानात फसवणूक होते, म्हणून दुसऱ्या दुकानात डोळे मिटून जावे असे ठरत नाही. आणि मी वैद्य-हकिमांच्या विरोधातही नाही. मालेगावच्या मन्सुरा परिसरात मोहम्मदिया तिब्बिया कॉलेज आहे, तिथे मुले साडेचार-पाच वर्षे घासून हकीम होतात. असा शिकलेला हकीम किंवा वैद्य नाडी पाहील, पण वीर्यतपासणीचा कागदही मागेल. जो कागद मागत नाही आणि पहिल्याच भेटीत तीन महिन्यांच्या कोर्सचे पैसे मागतो, तो हकीम नाही, दुकानदार आहे. न शिकता इलाज करणाऱ्यावर नुकसानीची जबाबदारी येते, अशी शिकवण हदीसच्या ग्रंथांत आहे. कलौंजीची हदीस पाठ असलेल्यांनी ही पण पाठ करावी.

कायदाही आहे. औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ चा. त्याला हमदर्द दवाखान्याने सुप्रीम कोर्टात आव्हान दिले होते. १९५९ मध्ये कोर्टाने त्यातली काही कलमे बाद केली, पण अशा जाहिरातींना भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण मिळणार नाही, असे सांगितले. कामशक्ती वाढवण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात त्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तरी स्टेशनजवळच्या भिंती पाहा. आता भिंतीही लागत नाहीत, मोबाईल खिशातच आहे.

हा बाजार चालतो तो लाजेवर. मराठीत र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात हे विषय उघडपणे मांडले. त्यासाठी त्यांच्यावर खटले झाले, आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टात उभे राहिले. त्याला नव्वद वर्षे होऊन गेली. आजही आपल्याकडचा शिकलेला तरुण प्रयोगशाळेच्या दारात तोंड लपवतो आणि तंबूत मात्र रात्री बिनदिक्कत शिरतो.

दीनदार घरांत एक वाक्य ऐकू येते, "औलाद देणारा अल्लाह आहे, तपासणी कशाला?" देणारा तोच आहे, यात वाद नाही. पण कुरआनात, तो कुणाला मुली देतो, कुणाला मुलगे, कुणाला दोन्ही, आणि कुणाला अकीम ठेवतो असे सांगितले आहे, तिथे ते बाईपुरते मर्यादित नाही. हजरत जकरिया यांनी दुआ मागितली तेव्हा बायकोच्या वांझपणाबरोबर स्वतःच्या म्हातारपणाचाही उल्लेख केला. आपण दुआ मागताना तेवढे प्रामाणिक असतो का? नवऱ्याचा कागद न पाहता सुनेला माहेरी धाडणे, तिच्यावर सवत आणणे, हा जुलूम आहे. दुसरी आणूनही पाळणा रिकामा राहिला, मग गुपचूप तपासणी केली आणि दोष पहिल्यापासून मुलाकडे होता असे निघाले, तर पहिलीचा हिशेब कोण देणार? वीर्याचा नमुना देण्याबद्दल मनात किंतु असेल तर आपल्या आलिमांना विचारावे. इलाजाच्या गरजेसाठी सवलत देणारे आलिम आहेत.

मग करायचे काय? लग्नाला वर्ष झाले, प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी एकत्र जावे, आणि बाईचे वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. पुरुषाची वीर्यतपासणी सर्वात आधी, दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर, आणि अहवाल वाईट आला तर काही आठवड्यांनी पुन्हा. डॉक्टरने हात लावून तपासणी करावी. त्याच वेळी उष्णता कमी करावी. घट्ट चड्डी आणि जीन्स सोडून सैल सुती कपडे, मांडीवरचा लॅपटॉप बंद, गाडी चालवताना दर दीड-दोन तासांनी उतरून दहा मिनिटे चालणे, गुटखा आणि सिगारेट बंद. आमच्या वडीलधाऱ्यांची लुंगी या बाबतीत आजच्या जीन्सपेक्षा शहाणी होती. तीन महिने हे केल्यावर फरक मोजावा. त्यानंतर शिकलेल्या वैद्याच्या सल्ल्याने मुळी घ्यायची असेल तर घ्यावी, डॉक्टरला सांगून घ्यावी.

पण सगळे ओझे त्या माणसावर टाकून चालणार नाही. ट्रकची केबिन, मागाचा पत्र्याचा शेड, भट्टीपुढची जागा त्याच्या हातात नाही. शेडला वरून पांढरा रंग, छताशी हवा बाहेर काढणारे पंखे, एप्रिल-मे मध्ये बागेचे काम सकाळी लवकर आणि दुपारी बंद, हे मालकाच्या हातात आहे. बाजार समित्या, बागायतदार आणि मागमालकांच्या संघटना हे ठरवू शकतात. उष्माघाताने कोणी मेला तर दोन दिवस बातमी येते. उष्णतेने जे जन्मलेच नाहीत, त्यांची बातमी कुठेच येत नाही. तिचा दंड एखादी बाई वर्षानुवर्षे भरत राहते.

शब्दाचे मी माझ्या परीने करीन. नववी-दहावीच्या मुलांना 'वंध्यत्व' शिकवताना ते नपुंसकलिंगी नाम आहे, एवढे तरी नक्की सांगता येते. ते बाईचेही असते आणि पुरुषाचेही. बाकीचे काम घराघरांतल्या बापांनी, भावांनी आणि मशिदीच्या इमामांनी करायचे आहे. घरात पुडी येण्याआधी एकच प्रश्न विचारा, मुलाची तपासणी झाली का?